पट्ट्यामागची काच

राजपालबद्दल गावात कुणी वाईट बोलत नाही, आणि नेमकं हेच मला सहन होत नाही. माणसात काहीतरी खोट असावी. दारू प्यावी, चारचौघांत बढाई मारावी, निदान बायकोवर खेकसावं. ह्या माणसात काहीच नाही. चिटगुप्प्याच्या बसस्टँडपासून बाजारापर्यंत कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल, "राजपाल व्हय? लई गुणाचा माणूस." मी त्याची गोष्ट सांगायला बसलोय ती त्याची आरती ओवाळायला नाही. पण खोटंही सांगणार नाही. वर्षभर माझ्या पोटात दुखत होतं ते त्याच्यामुळं, हे आधीच सांगून टाकतो.

मी जगदेवप्पा कंबार. कंबार म्हणजे लोहार. आमचं दुकान बाजाराच्या रस्त्याला, तीन पिढ्यांचं. विळे, खुरपी, कोयते, सुऱ्या. आजोबांनी घातलेली ऐरण अजून तिथंच आहे. माझे वडील गुरुशांतप्पा, आमचे अप्पा, वय ब्याऐंशी. गुडघे गेलेत म्हणून हातोडा ठेवला, पण नजर गेलेली नाही. विळा डोळ्यासमोर आडवा धरून ते एका क्षणात सांगायचे, पातं कुठं वाकडं आहे. सगळ्या तालुक्याला सांगायचे. मला सोडून.

त्याचंही कारण आहे आणि ते माझंच आहे. मी चोवीस वर्षांचा असताना एक विळा केला होता. गिऱ्हाईक समोर उभं असताना अप्पांनी तो हातात घेतला, बघितला आणि म्हणाले, "वाकडा हाय." माझं डोकं फिरलं. सांडशी भट्टीत फेकून मी ओरडलो, "आजपासनं माझ्या कामावर एक शब्द बोलायचा न्हाई तुमी. चांगला न्हाई, वाईट न्हाई." अप्पा म्हणाले, "बरं." मला वाटलं, आठवडाभर रुसतील आणि मग येतील जाग्यावर. एकतीस वर्षं झाली. पावसाबद्दल बोलतात, नातवंडांबद्दल बोलतात, भाजीत मीठ कमी पडलं तर बोलतात. माझ्या हातातून एवढी हजारो पाती गेली, त्यातल्या एकावरही त्यांनी तोंड उघडलं नाही. मीही कधी "बोला" म्हटलं नाही. मी त्यांचाच मुलगा ना.

आता राजपाल. त्याची आई सावित्रीबाई शेतमजुरीला जायची आणि विळ्याला धार लावायला आमच्याकडं यायची. तेव्हा ती दुकानाच्या बाहेर उभी राहायची. बाहेर उभी राहा असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणि आत ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. राजपाल आयटीआय करून हुमनाबादला कारखान्यात लागला. तिथं सतरा वर्षं तो एकच काम करत होता. यंत्राचे सुटे भाग घासून सपाट करायचे, मोजायचे, पुन्हा घासायचे. कोरोनात कारखान्याला कुलूप लागलं आणि तो घरी आला. आम्हाला वाटलं, आता रिक्षा घेईल किंवा हैदराबादला जाईल. त्यानं घरामागं पत्र्याचं शेड घातलं, मोडक्या पिठाच्या गिरणीची मोटार आणली आणि स्वतःच्या हातानं बेल्ट ग्राइंडर बांधला. म्हणजे सँडपेपरचा लांब गोल पट्टा चाकांवरून पळत राहतो आणि त्यावर पातं टेकवून घासायचं. आणि त्यावर तो सुऱ्या करायला लागला.

सुऱ्या! ज्याच्या सात पिढ्यांत कुणी भाता ओढला नाही, तो. मी दुकानात बसून हसलो होतो, ते अजून आठवतं. पहिल्यांदा हुमनाबादच्या ढाब्यांवरचे आचारी त्याच्याकडं गेले. मग फोनवर फोटो टाकून त्याच्या सुऱ्या पुण्याला जायला लागल्या, बेंगळुरूला जायला लागल्या. मी तरीही म्हणत होतो, नव्याची नवलाई नऊ दिवस. नऊ दिवसांचे महिने झाले आणि महिन्यांची वर्षं.

मग मागच्या वर्षी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, झाल्यावर मीही हैदराबादहून बेल्ट ग्राइंडर आणला. तयार, रंगवलेला, बटण दाबलं की चालू. त्याचा गिरणीच्या मोटारीचा, माझा कंपनीचा. मला वाटलं, झालं, आता बघू. पण माझ्या सुऱ्या काही त्याच्यासारख्या होईनात. कापायच्या बऱ्या, पण पात्याचा उतार, म्हणजे पाठीपासून धारेकडं उतरणारी बाजू, गुबगुबीत दिसायचा. त्याच्या पात्यावर उतार असा स्वच्छ उतरायचा की कडेला बोटानं रेघ सापडावी. माझ्याकडं नवा पट्टा, नवी मोटार, वर तीन पिढ्यांचा हात. मग अडलं कुठं? कळेना. विचारायचं कुणाला? अप्पांना विचारायचं नाही, ते मीच ठरवून ठेवलेलं. राजपालला विचारण्यापेक्षा मी जीभ कापून घेतली असती, तीही माझ्याच बोथट सुरीनं.

आणि उगादीचा पाडवा झाला आणि अप्पा रोज दुपारी राजपालच्या शेडमध्ये जाऊन बसायला लागले.

जेवण झालं की काठी घ्यायची, खांद्यावर पंचा टाकायचा, काखेत कापडी पिशवी मारायची आणि निघायचं. माझ्या दुकानावरून जायचे, पण आत वळायचे नाहीत. वर्षानुवर्षं ज्या ऐरणीसमोर बसले तिच्याकडं एक नजर टाकायचे आणि पुढं जायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लोक आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात. आमच्या घरात उलटं होतं. दुसऱ्याचा तो बाब्या, आणि घरचं कार्टं पंचावन्न वर्षांचं.

माझी बायको नेत्रावती अप्पांना मामा म्हणते. ती एकदा म्हणाली, "मामा तिकडनं आले की लई खुश असतात बगा. मशिनीचं काय काय सांगतात मला."

"तुला सांगतात?" मी म्हणालो.

"व्हय. पट्टा कसा पळतो, त्याच्या मागं काय असतं. मला मेलीला काय कळतंय त्यातलं? पण ऐकत बसते."

म्हणजे भाकरी थापणाऱ्या सुनेला राजपालच्या मशीनचं कौतुक सांगायचं आणि मला एक अक्षर नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. भूक नाही म्हणालो. भूक होती.

त्यात आणखी एक. दुकानाच्या दाराजवळ खिळ्यांवर मी मूठ न बसवलेली पाती लावून ठेवतो. महिन्याला त्यातलं एक कमी व्हायला लागलं. एकदा मुद्दाम मोजून नऊ लावली. दुसऱ्या दिवशी आठ. अप्पांच्या पिशवीतून लोखंडाचा आवाज यायचा, तो मला ओळखू येणार नाही असं त्यांना वाटत असेल तर ते मला विसरले होते. ते माझी पाती त्याच्याकडं नेत होते. कशाला? दुसरं कशाला, हसायला. मला समोर दिसायचं, दोघं शेडमध्ये बसलेत, माझं पातं मध्ये ठेवलंय आणि राजपाल म्हणतोय, "हे बगा अप्पा, कंबाराचं काम!" मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि ते खरंच निघालं असतं तर?

श्रावणात मला राहवेना. अप्पांना बोलवायला आलो असं सोंग करून मी त्याच्या शेडवर गेलो. अप्पा भिंतीकडच्या खुर्चीत झोपले होते, तोंड उघडं, काठी मांडीवर. मशीन बंद होतं. राजपाल एका सुरीच्या उतारावर स्टीलची पट्टी आडवी टेकवून ती दाराकडं धरून बघत होता. पात्यात आणि पट्टीत फट असेल तर तिथून उजेड दिसतो. नसेल तर नाही. सतरा वर्षं त्यानं हेच केलं होतं.

"या अण्णा," तो उठला. "अप्पाला न्यायला आलाव? आत्ताच डोळा लागलाय बगा."

मी मशीनकडं बघत होतो. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, मी तर डोळे फाडून पीत होतो. त्याला ते दिसलं असणार, पण तसं त्यानं दाखवलं नाही. त्यानं पट्टा काढून बाजूला टांगला.

"अण्णा, सगळे पट्टा बगतात. पट्टा कोणता, दाणा कितीचा. पट्ट्याच्या मागं काय हाय ते कुणी बगत न्हाई."

पट्टा वरच्या चाकावरून खालच्या चाकाकडं पळतो, आणि पातं आपण त्यावर दाबतो तेव्हा पट्टा मागं दबू नये म्हणून एक सपाट तुकडा उभा बसवलेला असतो. कारखान्यातले लोक त्याला प्लेटन म्हणतात, आम्ही नुसतं प्लेट म्हणतो. माझ्या मशीनला ती होती, लोखंडाची. मी तिच्याकडं कधी बघितलंही नव्हतं. पट्ट्यामागं काय बघायचं?

राजपालनं कोपऱ्यातून त्याची पहिली प्लेट आणली. साधं लोखंड. तिच्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि दाराकडं धरली. मध्ये उजेड. चांगला जाड उजेड.

"दोन महिन्यांत हे झालं," तो म्हणाला. "पट्टा घासून घासून मधी खोल करतो. मंग प्लेट जशी, पातं तसं. मधी खड्डा असला की पात्याच्या उताराला पोट येतं. हात कितीबी चांगला असू दे, अण्णा, पोट येणारच."

माझ्या गुबगुबीत सुऱ्या माझ्या डोळ्यापुढं एकामागून एक उभ्या राहिल्या.

तो सांगतच होता. तापवून पाणी दिलेली कडक प्लेट घेतली तर खड्डा उशिरा पडतो, पण तापली की ती कमानीसारखी फुगते. म्हणून त्यानं आता लोखंडावर काच चिकटवली होती. साधी नाही, इंडक्शनच्या शेगडीवर असते तसली, तापली तरी हलत नाही, घासत नाही. पहिला तुकडा त्यानं फुटक्या शेगडीतूनच कापून घेतला होता. दोन नळ्या मिसळून लावायच्या गोंदानं ती बसवायची, आणि खाली लोखंडाची बारीक पायरी ठेवायची, म्हणजे गोंद तापून सैल झाला तरी पट्टा काचेला खाली ओढून नेत नाही. काचेच्या दोन्ही कडा थोड्या गोल करायच्या, नाहीतर पट्ट्यावर रेघ उठते. "आन् वरनं ठोका लागू द्यायचा न्हाई. दाब किती बी सोसती, टोला सोसत न्हाई."

हे सगळं त्यानं मी न विचारताच सांगितलं. पुढं तो काय म्हणतोय ते मी ऐकत होतो, पण मन एकाच गोष्टीत अडकलं होतं. हा लपवत का नाही? कुणी असं धंद्यातलं सांगतं का? आम्ही तीन पिढ्यांत पाणी देण्याचं गुपित चुलत भावाला सांगितलं नाही. तो सांगत गेला आणि माझा जळफळाट वाढत गेला. लपवलं असतं तर मला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

"कळलं," मी म्हणालो. "एवढं काय त्यात." आणि अप्पांना न उठवताच परत आलो.

आता मी सांगतो मी काय केलं. त्यानं काच सांगितली म्हणजे काच घ्यायची नाही, हे मी रस्त्यातच ठरवलं. आम्हा कंबारांचा भरवसा लॉरीच्या कमानीवर, म्हणजे तिच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीवर. तिचे विळे होतात, कोयते होतात, मग प्लेट का होणार नाही? हुमनाबादच्या भंगारवाल्याकडून एक जाड कमान आणली, तापवली, ऐरणीवर ठोकून सरळ केली. डोळ्याला एकदम सरळ. मशीनला बसवली. पहिली चार पाती काढली आणि दार लावून, कुणी बघत नाही ना ते बघून, स्टीलची पट्टी आडवी टेकवली. दोन ठिकाणी उजेड. हातोड्यानं सरळ केलेलं डोळ्याला सरळ असतं, एवढंच. ते मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही राजपालच्या पट्टीच्या रीतीनं. चारातलं एक पातं खिळ्यावर लावलं. दोन दिवसांत ते गेलं.

मग नाक मुठीत धरून काच मागवली. पण त्याच्याकडून नाही, हैदराबादहून, आणि त्याच्यापेक्षा जाड. त्याची तीन मिलिमीटर तर माझी पाच. खाली पायरी ठेवली, कडा गोल केल्या, गोंद लावून एक दिवस दाबून ठेवली. सगळं त्यानं सांगितलेलं. आणि भादव्याच्या शेवटी पहिलं पातं असं उतरलं की मी ते धरून दुकानात उभाच राहिलो. स्टीलची पट्टी टेकवली. काळोख. कुठूनच उजेड नाही.

ते पातं मी खिळ्यावर लावलं नाही. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, त्या दिवशी मशीन, भट्टी, काही चालत नाही. दसऱ्याला पहिलं काम सुरू करायचं, शेवटचा हात फिरवून एक पातं पुरं करायचं आणि ते घरातल्या थोरल्याच्या हातात द्यायचं. थोरला ते बघतो. बोलायलाच पाहिजे असं नाही, पण बघतो. मी तेच पातं तेवढ्यासाठी राखून ठेवलं. मला अप्पांकडून एक शब्द पाहिजे होता. "सरळ हाय" एवढाच. एकतीस वर्षांचा उपास सोडायला मला एक शब्द पुरला असता.

खंडेनवमीला दुकान धुऊन काढलं. ऐरण, हातोडे, सांडशी, भाता, सगळ्यांना भस्म आणि कुंकू लागलं, झेंडूच्या माळा पडल्या. शेजारीपाजारी आले. अप्पा ऐरणीजवळ खुर्चीत बसले. आमच्याकडं नारळ ऐरणीवर फुटतो. आजोबांनी फोडला, अप्पांनी फोडला, मी फोडत आलो. पण त्या दिवशी माझ्या अंगात आलं होतं. माझी नवी काच, माझं नवं मशीन, बघायला लोक जमलेत. कुणीतरी म्हणालंच, "आता मशिनीचा मान की." मी पट्टा काढला, काचेला कुंकवाची बोटं लावली, नारळ वर उचलला. अप्पांनी हात वर केला. मला वाटलं, आशीर्वाद देतायत. मी नारळ काचेवर आपटला. एका फटक्यात दोन सरळ भकलं झाली, पाणी काचेवरून खाली आलं, लोक म्हणाले वा. अप्पांचा हात खाली गेला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी अप्पा आले, दुकानात, माझ्या दुकानात, आणि खुर्चीत बसले. मी मशीन चालू केलं आणि राखून ठेवलेलं पातं पट्ट्याला लावलं. पहिला हात बरा गेला. दुसऱ्या हाताला टच्च आवाज झाला, पट्टा फाटून फटकन माझ्या मनगटावर बसला आणि पात्याच्या उतारावर एक आडवा चर पडला, खोल, वाकडा. मशीन बंद करून बघितलं तर काच मधोमध तडकून एक कपची वर आलेली. पातं गेलं. दसऱ्याचं पातं. मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि बाहेर रस्त्याकडं बघत बसले.

मला तेव्हा एकच सुचलं. त्यानंच केलं. काच घे म्हणून मुद्दाम सांगितलं, एवढं गोडगोड सांगितलं ते ह्यासाठीच. मनगटाला फडकं बांधून मी तडक राजपालच्या घरी गेलो.

दसऱ्याचा दिवस त्यांचाही. धम्मचक्राचा. राजपाल पहाटेच कलबुर्गीच्या विहारात जाऊन नुकताच परतला होता. अंगात पांढरे कपडे, घरात माणसं, दारात पंचशीलेचा झेंडा. मी अंगणात उभा राहून तोंड उघडणार तेवढ्यात सावित्रीबाई पुढं आली. सत्तरी उलटलेली म्हातारी. "या या, जगदेवण्णा, आत या," म्हणून तिनं मला आत नेलं, बसवलं आणि हातात खिरीची वाटी दिली. आमच्या दारात तिला इतकी वर्षं कुणी आत ये म्हटलं नव्हतं. हे मला त्या क्षणी आठवलं आणि माझा राग त्यानं कमी झाला नाही, वाढला.

खिरीची वाटी हातात धरूनच मी भांडलो. "तुझी काच फुटली! माझं दसऱ्याचं पातं गेलं! तुला हेच पाहिजे होतं न्हवं?"

राजपालनं विचारलं, "कशी फुटली अण्णा?"

"कशी म्हणजे? आपोआप फुटली."

"चला, बघू तरी."

पांढऱ्या कपड्यांतच तो माझ्या दुकानात आला. अप्पा तिथंच होते. तो मशीनपुढं वाकला. तडा एका ठिकाणाहून चारी बाजूंना गेला होता आणि त्याच्या मधोमध कुंकू आत शिरलं होतं. कुंकवात नारळाच्या शेंडीचा एक तपकिरी धागा अडकला होता. त्यानं तो नखानं काढला, बोटांत धरला, बघितला. मीही बघितला. माझ्या कानापर्यंत रक्त चढलं.

राजपालनं तो धागा खिशात टाकला.

"काचेतच खोट होती, अण्णा," तो म्हणाला. "अशी एखादी निघते. माझ्याकडं एक जादा हाय, ती लावू."

सगळ्यांसमोर नारळ फोडला होता मी. अप्पा तिथं होते. राजपालला कळलं होतं. आणि तो खोटं बोलला, माझ्यासाठी, माझ्या बापाच्या देखत. त्याला त्याच वेळी कुणीतरी ह्या गावातून बदली करून न्यावं असं मला वाटलं. अप्पांनी खिशातून बन्नीची, म्हणजे शमीची, दोन पानं काढली, दसऱ्याचं सोनं, आणि पहिलं पान त्याच्या हातात ठेवलं. "जय भीम अप्पा," म्हणून त्यानं ते धाग्याच्याच खिशात ठेवलं. दुसरं पान मला. पहिलं त्याला.

त्याची काच मी लावली. गोंद सुकायला दिवस गेला. मग नवं पातं घेतलं, आणि सबंध एक दिवस त्यावर घालवला. एवढा वेळ मी लग्नाच्या वेळीही आरशापुढं घालवला नसेल. पट्टी टेकवली. उजेड नाही. चारी बाजूंनी टेकवली. नाही.

दसरा होऊन गेला होता, थोरल्यानं बघायचा दिवस सरला होता. दुपारी अप्पा माझ्या दुकानावरून गेले, त्याच्याकडं. मी पंधरा मिनिटं बसलो आणि मग पातं फडक्यात गुंडाळून मीही गेलो. पोराला बापाला पातं दाखवायला परक्याच्या शेडवर जावं लागतंय, असं मनात घोकत गेलो.

अप्पा खुर्चीत डोळे मिटून होते. राजपालनं पातं माझ्या हातातून घेतलं, पुसलं आणि कुणाचं ते न सांगता अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी स्टीलची पट्टी मागून घेतली. दाराकडं धरलं. टोकापासून मुठीपर्यंत सावकाश सरकवली. उलटं करून पुन्हा.

"चांगलं झालं रं, राजपाल," ते म्हणाले.

आला तो शब्द, आणि त्याच्या नावावर गेला.

"अप्पा, हे माझं न्हाई," राजपाल म्हणाला. "जगदेवण्णाचं हाय."

अप्पांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं नाही. "मग पुन्हा बघू दे," म्हणाले.

आणि पुन्हा बघितलं. पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ. मग काठीनं बाकाखालचा खोका पुढं ओढला आणि त्यातून एकेक पातं काढून ओळीनं बाकावर मांडलं. सात. सातही माझी. प्रत्येकावर खडूची खूण, उजेड कुठून येतो तिथं. पहिल्यावर दोन्ही कडांना. तिसऱ्यावर तशीच, जरा लांब. सहाव्यावर दोन ठिकाणी, ते कमानीच्या प्लेटवरचं. मी ओळखलं.

"दर महिन्याला एक आणत होते," राजपाल हळूच म्हणाला. "पहिल्या दिवशीच विचारलं मला, माझ्या पोराच्या पात्याला पोट कामून येतंय? त्याचा हात तर चांगला हाय. मंग मी प्लेटचं सांगितलं. म्हणाले, त्याला तू सांग. मला बोलता येत न्हाई, मी शब्द दिलाय. श्रावणात तुमी आलाव तवा अप्पा झोपले नव्हते, अण्णा."

म्हणजे नारळाच्या वेळी तो हात आशीर्वादाचा नव्हता. काचेला टोला सोसत नाही हे त्यांना ठाऊक होतं. माझ्यासमोर, सगळ्या लोकांत, त्यांनी हात वर केला आणि शब्द गिळला, कारण मी एकदा गिळायला लावला होता.

अप्पांनी आठवं पातं सातांच्या शेजारी ठेवलं. त्याला खडू लावला नाही.

"राजपाल," ते म्हणाले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. "सांग त्याला. ह्यात उजेड न्हाई."

राजपाल माझ्याकडं वळला. "अण्णा, अप्पा म्हणायलेत, ह्यात उजेड न्हाई."

एकतीस वर्षं ज्याची वाट बघितली तो शब्द मला त्याच्या तोंडून मिळाला. रडू आलं, ते खरं. पण त्याच वेळी असंही वाटलं की सहा महिने रोज दुपारी माझा बाप माझ्याबद्दल बोलत होता, माझा हात चांगला आहे म्हणत होता, आणि ते सगळं ह्या माणसानं ऐकलं. मी नाही. ते त्याच्याकडून आता कसं परत घेऊ?

"अप्पा," मी म्हणालो, "आता मला सांगत जावा. तोंडावर सांगा. वाकडं असलं तर वाकडं."

अप्पांनी पट्टी पुसून राजपालला परत दिली. "बरं," म्हणाले. मी चोवीस वर्षांचा होतो तेव्हा म्हणाले होते तसंच.

आता ते सकाळी माझ्या दुकानात येऊन बसतात. चार पाती झाली की त्यातलं एक वाकडं म्हणतात, आणि मी ऐकतो. जेवण झालं की काठी उचलतात आणि त्याच्याकडं जातात. मी घड्याळ बघतो. माझ्याकडं दोन तास, त्याच्याकडं तीन.